नववं कलम

शाळेतून निवृत्त झाल्यापासून हरिहरपंत सोमणांना एका जागी बसणं जमत नव्हतं. सकाळी उठून ते नौपाड्यातल्या घराच्या ओसरीवर येरझारा घालत, मग अंगणात, मग पार स्टेशनापर्यंत जाऊन परत. जाता येता जो भेटेल त्याला थांबवून ते एकच गोष्ट सांगत. लोकांची अक्कल चालली.

उदाहरणं त्यांच्याजवळ भरपूर होती. त्यांचा एक मावसभाऊ कल्याणला जायला निघाला. गाडी पावणेदहालाच येऊन समोर उभी राहिली. पण वेळापत्रकात दहा लिहिलंय, म्हणजे ही आपली गाडी नव्हे, असं म्हणून तो बाकावरून उठलाच नाही. गाडी सुटली आणि तो साडेअकरापर्यंत तिथेच बसून राहिला. भाचीनं पाककृतीचं छापील पुस्तक आणलं होतं. शीत चेपून बघायचं सोडून ती घड्याळाकडे बघत बसली आणि भाताचा कोळसा झाला.

"पूर्वी माणूस डोळ्यांनी बघायचा," पंत म्हणत. "आता कागद काय म्हणतो ते बघतो. आणखी वीस वर्षांनी पाऊस पडतोय की नाही हेसुद्धा छापून आल्याशिवाय कळायचं नाही."

ऐकणारे मान डोलावत. घरी मात्र त्यांच्या पत्नी गोदूबाई निवडण-टिपण करता करता नुसतं "हं" म्हणत, आणि त्या हुंकारानं पंतांना आणखीच अस्वस्थ वाटे.

त्यांचा मुलगा श्रीपाद कोपरीच्या पलीकडे खाडीकाठच्या खाजणात एका मिठागरावर कारकून होता. आगर मुंबईच्या रतनशी शेठचं. वर्षापूर्वी शेठनं कामाचे नियम छापून घेतले होते. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या पातळ पुस्तकात सत्तावीस कलमं होती आणि श्रीपादला ती सगळी तोंडपाठ होती. सव्वीस वर्षांच्या मुलाला चांगली नोकरी आहे याचा पंतांना आनंद होता. पण ते निळं पुस्तक दिसलं की ते उठून येरझारा घालू लागत.

"अरे, मीठ समुद्र पिकवतो. त्याला तुझी कलमं ठाऊक आहेत का?"

"समुद्राला नसतील तात्या, पण माणसांना लागतात," श्रीपाद शांतपणे म्हणे. "ज्यानं त्यानं आपलं शहाणपण चालवलं तर तीस माणसं तीस दिशांना जातील."

तीस माणसांचं पंतांनाही पटे. शिवाय आधीच्या कारकुनाचं काय झालं ते दोघांनाही माहीत होतं. शेठला न विचारता त्यानं एक दिवस आधी खाडीचं पाणी आत घेतलं, एवढंच. त्याला काढून टाकलं. तो मनुष्य चार घरं सोडून राहत असे आणि आता दिवसभर दाराशी बसलेला दिसे.

सन १८८९ च्या वैशाखातल्या अवसेला सकाळपासून वारा सुटला होता. त्या दिवसांत वारा असतोच, पण हा नैर्ऋत्येचा, दमट, भलत्या जोराचा होता. अंगणातल्या वाळवणावरची चादर दोनदा उडाली. अवसेचं उधाण दुपारी एकच्या सुमारास भरतं. पंत पाच-सहा वेळा आत-बाहेर करून आले.

"श्रीपाद न जेवता गेलाय," ते म्हणाले. "मी जाऊन येतो."

"तो जेवून गेलाय," गोदूबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर जेवला."

तरी पंतांनी छत्री घेतलीच. रूळ ओलांडून ते कोपरीत उतरले आणि वस्ती मागं टाकून आगराच्या वाटेला लागले. छत्री उघडायची सोय नव्हती. उपरणं तोंडावर येत होतं. डावीकडे खाडी फुगलेली, मातकट, आणि अजून भरतीला दोन तास होते.

बाहेरच्या बांधावर माणसं जमलेली लांबूनच दिसली. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला, पुरुषभर खाली, मिठाचे चौकोनी वाफे. मोसम संपत आला होता. वाफ्यांच्या कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी गवतानं शाकारून ठेवल्या होत्या. त्यांच्याही पलीकडे, सगळ्यांत सखल जागी, आगरावर राबणाऱ्या आगरी कुटुंबांच्या अकरा झोपड्या होत्या.

श्रीपाद बांधावर उभा होता. निळं पुस्तक त्यानं कोटाच्या खिशात ठेवलं होतं, पण हात त्याच खिशावर होता. त्याच्या पायाशी धाकू उकिडवा बसलेला. धाकू या आगरावरचा मुकादम. पन्नाशीचा, काटक, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला. पंतांना बघताच तो उठला.

"पंतोजी, बरा झाला आलंव. ह्ये पानी बगा."

बांधाच्या आतल्या उतारावर मनगटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं. पंत वाकले.

"खेकड्याचं बीळ?"

"खेकऱ्याचाच. सकाली नितल पानी झिरपत व्हता. नितल आला तं काय भ्या नाय, झिरपूंदे. आता बगा, गढूल झालाय. गढूल आला म्हंजे बांद आतून चाललाय."

पंतांनी बोट लावून पाहिलं. पाणी कॉफीसारखं होतं आणि बोटावर माती राहिली. समजायला काही कठीण नव्हतं. शाळेतल्या दुसऱ्या इयत्तेच्या मुलाला समजलं असतं.

"मग बुजवा ना," ते म्हणाले.

"बुजवतो की. पन माती कुठली आनू?"

आणि मग त्यांना अडचण कळली. चिकणमाती हाताशी होती, दहा पावलांवर, वाफ्यांच्या तळाशी. पण ते तळ वर्षानुवर्षं चोपून चोपून घट्ट केलेले. एकदा खणले की दोन वर्षं मीठ काळं निघतं. म्हणून नवव्या कलमात लिहिलं होतं की मोसमात वाफ्याचा तळ कोणीही, कोणत्याही कारणानं खणू नये. बांधाला लागणारी माती खाडीपलीकडच्या खाणीतून होडीनं आणावी. आणि अशा वाऱ्यात, अशा उधाणात होडी पाण्यात घालणं म्हणजे जीव घालवणं होतं.

"मी माणूस स्टेशनात पाठवलाय," श्रीपाद म्हणाला. त्याचा आवाज एका पट्टीत होता. "शेठना तार केली आहे. परवानगी मागितली आहे. उत्तर येईल."

"कवा?" धाकूनं विचारलं.

"येईल."

"रावसायेब, पानी तारंची वाट बगंल काय?"

श्रीपादनं स्टेशनाच्या वाटेकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि वारा इतका असूनही तो वाळत नव्हता. धाकू पंतांकडे वळला.

"पंतोजी, तुमी मोठे. तुमी सांगा यांना. तुमी सांगितला तं ते ऐकतीन."

तिथं जमलेली सगळी माणसं पंतांकडे पाहू लागली. वर्षभर ज्या गोष्टीवर ते दिसेल त्याच्याशी बोलत होते ती गोष्ट समोर भोकातून वाहत होती. त्यांनी तोंड उघडलं. आणि का कोण जाणे, त्यांना चार घरांपलीकडे दाराशी बसलेला तो जुना कारकून दिसला. मांडीवर हात ठेवून, रस्त्यावरच्या माणसांकडे बघत बसलेला. मग त्याच्या जागी श्रीपाद दिसला.

"श्रीपाद म्हणतो ते बरोबर आहे," पंत म्हणाले. "तारेचं उत्तर येऊ दे. थोडं थांबा."

धाकू त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. रागानं नव्हे. ओळखीचा माणूस जवळ आल्यावर भलताच निघावा, तसा.

मग जे झालं ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. धाकूची बायको ठमाबाई गर्दीच्या मागं उभी होती. तिनं कोणाला काही विचारलं नाही. ती बांधावरून खाली उतरली, पहिल्या वाफ्यात शिरली, कासोटा आवळला आणि फावड्यानं तळाची माती ओढून पाटी भरली. पाटी डोक्यावर घेऊन ती वर आली आणि नवऱ्याच्या पायाशी रिकामी केली.

"आता काय बगत बसलाव?" ती म्हणाली. "भोकात पाय घाला."

धाकू भोकाशी बसला. बाकीची माणसं खाली धावली.

"धाकू, मला नावं लिहून घ्यावी लागतील," श्रीपाद म्हणाला.

"लिवा," धाकू म्हणाला. "माझाच नाव लिवा. बाकीच्यांना मी सांगितला."

पुढचे दोन तास पंत बांधावर उभे होते. घरात घटकाभर पाय न ठरणारा हा माणूस तिथे जागचा हलला नाही. पाट्या वर येत होत्या, रिकाम्या होत होत्या. धाकू छातीपर्यंत चिखलात शिरून आतून माती दाबत होता, पेंढ्याच्या गुंड्या करून कोंबत होता. एकदा भोकाशेजारी दुसरं भोक उघडलं आणि पाणी उसळलं. तेव्हा दोन माणसं त्यात आडवी पडली आणि त्यांच्या अंगाभोवती माती थापली गेली. खाडी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन थबकली. किती वेळ तशीच राहिली कोणास ठाऊक. मग बोटभर उतरली. मग आणखी बोटभर.

दक्षिणेकडच्या शेजारच्या आगराचा बांध फुटल्याचा आवाज तेवढ्यात आला. आवाज फार मोठा नव्हता. घरात पोतं पडावं तसा. मग तिकडच्या पांढऱ्या राशी एकेक करून दिसेनाशा झाल्या.

इकडचा बांध राहिला. राशी राहिल्या, झोपड्या राहिल्या. पहिले तीन वाफे मात्र खणून खड्डा झाले होते.

पाणी गुडघाभर उतरल्यावर स्टेशनातून माणूस तारेचं उत्तर घेऊन आला. श्रीपादनं ते वाचलं आणि वडिलांच्या हाती दिलं. शेठनं कळवलं होतं, "थांबा. उद्या येतो."

संध्याकाळी घरी आल्यावर श्रीपादनं तोंड धुतलं आणि तो लिहायला बसला. नियम मोडला गेला तर त्याचा छापील नमुना भरायचा होता. पंत त्याच्या मागं फेऱ्या घालत होते. शेवटी न राहवून त्यांनी कागद उचलला. कलम नववे. वाफे तीन. मोडणाऱ्याचे नाव धाकू, मुकादम. सोबत त्याची बायको व इतर. ताकीद दिली होती काय? होय.

"यात खोटं काही नाही," पंत म्हणाले.

"नाहीच."

"पण बांध वाचला हे कुठं लिहिलं आहेस?"

"त्याला रकाना नाही, तात्या."

गोदूबाई देवघरातून वात लावून आल्या होत्या. बांधावरची हकीकत त्यांनी थोडी मुलाकडून, थोडी नवऱ्याकडून ऐकली होती. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"म्हणजे धाकूनं तुम्हाला विचारलं होतं," त्या पंतांना म्हणाल्या.

"विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

पंत ओसरीवर गेले. त्यांनी जेवायला नको म्हटलं.

ओसरीवर फिरताना त्यांना यमू आठवली. यमू त्यांची धाकटी बहीण. पंत नऊ वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या कोकणातल्या गावी देवीची लस टोचणारा सरकारी माणूस आला होता. गावातल्या शहाण्या माणसांनी देवळात बैठक भरवली. त्यात पंतांचे वडील होते, आजोबा होते, ज्यांच्या शहाणपणाचे दाखले पंत आजवर लोकांना देत आले होते. देवी यायची ती येतेच, सुईनं ती कशी थांबेल, असं ठरवून त्यांनी त्या माणसाला वेशीबाहेर घालवला. माघात यमू गेली. गावातली आणखी चौदा मुलं गेली. तेव्हा कुणाजवळ छापील पुस्तक नव्हतं. पंत ही गोष्ट विसरले नव्हते. फक्त रस्त्यात कुणाला थांबवून ते "पूर्वी" असा शब्द उच्चारत, तेव्हा ती त्यांच्या तोंडी येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादबरोबर तेही निघाले. श्रीपादनं "तुम्ही कशाला?" असं विचारलं नाही.

रतनशी शेठ पहिल्या गाडीनं आला होता. ठेंगणा, नीटनेटका, कमी बोलणारा. त्यानं बांध पाहिला, खणलेले वाफे पाहिले, शेजारच्या आगराचं तळं झालेलं पाहिलं. मग आगरावरच्या चौकीत बसून त्यानं श्रीपादला नमुना वाचायला सांगितलं. धाकू आणि ठमाबाई दाराबाहेर उभी होती.

श्रीपादनं वाचला. शेवटच्या ओळीशी तो थांबला आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "बांध वाचला."

"ते लिहिलंय तिथं?" शेठनं विचारलं.

"नाही. जागा नव्हती." श्रीपादनं टाक उचलला आणि समासात, उभ्या बाजूनं, तीन-चार शब्द लिहिले. "आता लिहिलं."

शेठनं ते वाचलं. "धाकू, तुला कारकुनानं थांब सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग थांबला का नाहीस?"

"पानी थांबला नसता, शेठ."

"बरोबर," शेठ म्हणाला. "तुझं बरोबर होतं. पण मला सांग, तुला पाणी कळतं, म्हणून तू खणलंस. उद्या ज्याला काही कळत नाही तो खणेल आणि म्हणेल, धाकूनं खणलं तेव्हा चाललं. मी मुंबईत बसतो. मला तुम्हा दोघांतला फरक कागदावर कसा दिसणार?"

पंतांना ते खोडून काढता येईना. तरी ते पुढे झाले.

"शेठ, मी याचा बाप. काल मी इथं होतो. पाणी गढूळ आहे हे मी बोट लावून बघितलं होतं. धाकूनं मला विचारलं, आणि मला कळत असून मी थांबा म्हणालो. मुलाच्या नोकरीसाठी म्हणालो. या बाईनं माझं ऐकलं असतं तर तिचंच घर पाण्यात गेलं असतं. काही कमीजास्त करायचं असेल तर हे ध्यानात घेऊन करा."

श्रीपादचे कान लाल झाले होते. शेठनं पंतांकडे आदरानं पाहिलं, पण त्याचं मन काही बदललं नाही.

"तुमचा मुलगा हुकमाप्रमाणे वागला," तो म्हणाला. "तुम्ही त्याला तेच सांगितलंत. यात तुमचा दोष मला दिसत नाही. मला अशीच माणसं हवीत." मग धाकूकडे बघून म्हणाला, "तुला ठेवला तर पुस्तक फाडून टाकावं लागेल. तू दुसरीकडे बघ."

ठमाबाईनं पदर खोचला. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, आणि दोघं निघाली.

घरी येताना रुळांपाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं तेव्हा श्रीपाद एवढंच म्हणाला, "शेठनं मला शाबासकी दिली, तात्या." गाडीचे डबे संपता संपत नव्हते.

आठ दिवसांनी कळलं की धाकूला काम मिळालं आहे. ज्याचा बांध फुटला होता त्या शेजारच्या आगरवाल्यानं दुसऱ्याच दिवशी माणूस धाडून त्याला बोलावून घेतलं होतं. पंत तिकडे गेले. वारा पडला होता आणि ऊन रणरणत होतं. फुटलेल्या जागी बांबूंची दुहेरी ओळ ठोकून धाकू मधे माती भरून घेत होता.

पंतांनी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तिथं पोचल्यावर ते विस्कटलं.

"धाकू, त्या दिवशी माझं चुकलं," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं. लोकांना अक्कल राहिली नाही म्हणून गावभर सांगत फिरलो."

धाकूनं फावडं टेकवलं. "पंतोजी, मी तुमाला एक सांगू? माझ्या आजाच्या वक्ती ह्योच बांद फुटला व्हता. ह्येच जागी. तवा कलम नव्हता नि कारकून नव्हता. आजा बोलला, माती घाला. भगत बोलला, आगोदर कोंबरा कापा, मंग माती. गाव भगताच्या मागं गेला. कोंबरा गावात सापरंना. कोंबरा येईपरयंत तीन माणसा वाहून गेली." तो थोडा हसला. "माझा आजा पन कोंबरा शोधाया गेलता. त्याला ठावं व्हता, तरी गेला. चारचौघांत कसा नाय बोलनार?"

"मग?" पंतांनी विचारलं.

"मंग काय? मंग माती घातली."

ठमाबाई पाटी घेऊन वर आली. पंतांना उन्हात उभं बघून ती म्हणाली, "सावलीत बसा, पंतोजी." पंतांना बसवेना. थोडा वेळ ते बांधावर इकडून तिकडे चालले. पाय कुठं भुसभुशीत जागी पडतो ते बघत, एकदोनदा छत्रीचं टोक रुतवून पाहत. धाकूनं लांबून खूण केली, तिथं नका चालू, ओलं आहे. ते बाजूला झाले.

परत येताना कोपरीच्या वाटेवर, रतनशी शेठच्या आगराच्या फाट्याशी, श्रीपाद समोरून येताना दिसला. कामाची वेळ अजून संपली नव्हती. तो वडिलांना बघून थबकला.

"धाकूकडे चाललोय," तो म्हणाला. "आपल्या बांधात दुसरीकडेही पाणी दिसतंय. नितळ आहे. पण मला नीट कळत नाही. तो येऊन बघेल का?"

"शेठला विचारलंस?"

"नाही."

श्रीपादच्या कोटाचा खिसा फुगलेलाच होता. पुस्तक तिथंच होतं.

"येईल की नाही ते मला सांगता यायचं नाही," पंत म्हणाले. "कदाचित तो बोलणारही नाही तुझ्याशी. जाऊन विचार."

श्रीपादनं मान हलवली आणि तो खाडीच्या दिशेनं भराभर निघाला. पंत दोन पावलं घराकडे चालले, थांबले, आणि मग वळून मुलाच्या मागं जाऊ लागले.